साळूची ढोली

एका चिंचेखाली गाव वसण्याच्याही आधीची ही गोष्ट. त्या चिंचेच्या ढोलीत साळू नावाची साळुंकी आणि तिचा नवरा राहत होते. एका उन्हाळ्यात ढोली इतकी तापली, की त्यांची दोन्ही पिल्लं आतच दगावली. पुन्हा अंडी घालायचे दिवस आले, तरी साळू आत पाऊल टाकेना.

“मला दुसरं घर बघा,” ती म्हणाली.

नवरा रानभर फिरला आणि दमून परतला. “एकही ढोली रिकामी नाही गं.”

साळू ढोलीच्या तोंडाशी आली. मग स्वतःच आत शिरली. जुनं, दबलेलं गवत तिने चोचीने ओढून बाहेर टाकलं. तोंडाशी असलेलं कुजकं लाकूड दोघांनी मिळून टोकरलं, तशी आत वाऱ्याची झुळूक आली. मग तिने नदीकाठचं कोवळं गवत आणि कडुनिंबाचा पाला आणून अंथरला. एक कोपरा मात्र तिने मोकळाच ठेवला.

“इथं काही घातलं नाहीस?” नवऱ्याने विचारलं.

“ती दोघं तिथं निजायची,” साळू म्हणाली. “तेवढी जागा त्यांची राहू दे.”

आणि नव्या गवतावर ती अंडी घालायला बसली.