निघण्याआधी घडीभर

"मग पळालात कशाला?"

प्रश्न तोंडातून निसटला आणि किरीलला वाटलं, आता म्हातारा उठून कानाखाली देणार.

त्रोफीम साव्विच उठले नाहीत. त्यांनी दातांनी दोरा तोडला.

"कोण पळालं?"

"तुम्ही, आजोबा! रशियातला शेतकरी तुमच्या शब्दावर उठला. झारनं तुरुंगात घातलं, सायबेरियात धाडलं, तुम्ही हटला नाहीत. मग क्रांतीनंतर हे नवे राज्यकर्ते आले, आणि तुम्ही इथं प्रागमध्ये, माळ्यावरच्या खोलीत... कोट शिवत बसलात."

"कोट तुझाच आहे."

कोट त्याचाच होता. अस्तरात नव्या राज्यकर्त्यांविरुद्धची पत्रकं शिवायची होती, आणि इतका बारीक टाका घालणारं चळवळीत दुसरं कुणी नव्हतं. संध्याकाळच्या गाडीनं तो रशियाच्या सरहद्दीकडे निघणार होता. सापडला तर परत येणं नव्हतं. जाण्याआधी त्याला या माणसाच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं... की देश सोडला, ही चूक झाली.

"मी कुठं सोडला?" त्रोफीम साव्विच म्हणाले. "मी अजून निघालोच नाही."

"इतकी वर्षं झाली, आणि निघालाच नाहीत?"

"नाही."

किरीलला कोड्यांचा मनस्वी तिटकारा. त्यानं कोट ओढून घेतला, अंगात चढवला.

"येतो मी."

"बस."

"गाडी आहे माझी."

"लांबच्या वाटेला निघण्याआधी घडीभर बसावं. आपल्याकडची रीत. त्याशिवाय निघणं हे निघणंच नव्हे. विसरलास?"

विसरला नव्हता. लहानपणी घरातून कुणीही निघालं की सगळे बसत. खुर्चीवर, ट्रंकेवर, मिळेल तिथं. अगदी घोडागाडीवालासुद्धा. कुणी बोलायचं नाही. मग एकदम उठायचं आणि निघायचं.

"बायकांची खुळं, आजोबा. आपण समाजवादी."

त्रोफीम साव्विच खो खो हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"हेच! अगदी हेच म्हणालो होतो मी. माझ्या आईला."

"कधी?"

"विद्यापीठातून काढलं होतं मला. गावोगाव फिरून शेतकरी जागा करायचा होता. पहाटे निघालो, तर आईनं दारातलं बाकडं पुसून ठेवलेलं. म्हणाली, त्रोशा, बस जरा. मी म्हटलं, क्रांती थांबायची नाही."

"मग?"

"थांबली की. चांगली वीस-पंचवीस वर्षं थांबली."

ते पुन्हा हसले. मग हसू विरत गेलं.

"आई बसली. एकटीच. मी फाटकातून वळून पाहिलं, तर शेजारची रिकामी जागा हातानं पुसत होती..."

"नंतर कधी गेलात?"

"तुरुंगातून सुटलो तेव्हा नुसतं बाकडं उरलं होतं."

खाली रस्त्यावरून ट्राम खडखडत गेली.

"तुझ्या आईला सांगितलंस, किरील?"

"नाही. रडेल. अडवेल."

"आता कुठं असेल?"

"लॉन्ड्रीत. इस्त्रीवर."

त्रोफीम साव्विच खाटेवर थोडे सरकले. शेजारची जागा हातानं पुसली.

किरील उभाच राहिला... आणि मग बसला.

स्टोव्हवर किटली कुरकुरत होती. का कोण जाणे, त्याला लिंडेनच्या मोहराचा वास आला. लहानपणीच्या अंगणातल्या लिंडेनच्या झाडाचा. वडील ट्रंकेवर बसलेत, टोपी मांडीवर. तो आईला चिकटून, पाय हलवतोय. आईचा हात हळूच त्याच्या गुडघ्यावर येतो... हलू नको. केवढी लांब वाटली होती तेव्हा ती घडी! कधी एकदा संपते असं झालं होतं.

आज पुरेना.

तो उठला.

"मी... लॉन्ड्रीवरून जातो."

"गाडी चुकेल."

"उद्याही असते."

दारात पोचून त्यानं मागं वळून पाहिलं. त्रोफीम साव्विच खाटेवरच होते. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. शेजारची जागा रिकामी ठेवून बसलेले.

"आजोबा, दारापर्यंतही नाही येणार?"

"तू हो पुढं," डोळे न उघडता ते म्हणाले. "मी आत्ता कुठं निघतोय."