घंटेने केलेली मदत

गाड्या कोळसा खाऊन धावायच्या, त्या काळचं एक इंजिन होतं. चाळीस वर्षं शेडमध्ये पडून राहिल्यावर त्याला पुन्हा घाटात धाडायचं ठरलं. धोंडूमामा मिस्त्री त्याचा एकेक भाग हातोडीने ठोकून बघू लागले. धडधाकट भाग 'ठण्ण' वाजायचा, तडा गेलेला 'भद्द'. भद्द वाजला की त्याची रवानगी भट्टीत, नव्याने घडवायला.

चाकाच्या पिनीला आतून तडा होता आणि भट्टीची भीती होती. ती इंजिनाच्या घंटेला म्हणाली, "घंटाताई, मामांनी मला ठोकलं की तू वाज ना!"

"एवढंच ना? वाजते की!"

"आणि घाटात तुटलीस म्हणजे?" चाक कुरकुरलं.

"तू गप्प बस रे," पिन म्हणाली.

मामांनी हातोडी उगारली आणि त्यांना शिंक आली. हातोडी हवेतच थांबली.

"ठण्ण!"

मामांनी पिनीकडे पाहिलं, मग वर घंटेकडे. "वा! मारायच्या आधीच?"

त्यांनी घंटेत फडकं कोंबलं आणि सकाळपासूनचे सगळे भाग पुन्हा ठोकायला घेतले.

तेव्हा सकाळी घंटेच्याच जोरावर ठणठणीत ठरलेले सात बोल्ट घंटेकडे खाऊ की गिळू असे बघू लागले.