कॅमेरा सापडला

“जीव मुठीत घेऊन पळतोय म्हणतोस, मग तो गडी हातातला कॅमेरा का टाकत नाही?”

हुसेनशा फकिरानं असं विचारलं आणि श्रीरंग अडखळला. आपल्या भुताच्या सिनेमाची गोष्ट त्यानं आत्ताच सांगून संपवली होती. चार मित्र, एक बंद पडलेला कारखाना, एक थरथरणारा कॅमेरा. संगीत नाही, रंगरंगोटी नाही, अहो, भूतसुद्धा नाही! चिंचोक्याच्या मोलानं केलेला हा सिनेमा तुफान चालला होता.

“टाकला तर सिनेमाच संपेल, बाबा.”

“हां… आणि लोक भितात कशाला?”

“खरं वाटतं म्हणून. सुरुवातीलाच पाटी येते. ‘हा कॅमेरा कारखान्यात सापडला. माणूस सापडला नाही.’ ती वाचली की थिएटर चिडीचूप.”

“माणूस सापडला नाही…” फकीर स्वतःशीच म्हणाला.

श्रीरंगला एकाएकी फार थकवा आला. दुसरा भाग मागणाऱ्यांना चुकवून तो गावाबाहेरच्या, पिराच्या थडग्याशेजारच्या या तकियावर, फकिराच्या मठीत आला होता. कॅमेरा मात्र बरोबर आणलाच होता आणि आत्ताही तो फकिरावर रोखलेला होता. सुंभ जळतो, पीळ काही जळत नाही.

“बाबा, लोकांना भिववतो, पण मलाच कशाचं काही वाटेनासं झालंय. आई गेली, तेव्हा खिडकीतला उजेड तिच्या तोंडावर छान पडला होता. मी… मी ते टिपत बसलो. अजून रडलो नाही.”

दिवस कलला होता, वारा सुटला होता.

तकियाची रीत अशी की, सांजेला जो पाहुणा हजर असेल त्यानं पिरापुढे दिवा लावायचा, आपल्या गेलेल्या माणसाच्या नावानं. फकिरानं काडेपेटी पुढे केली.

श्रीरंगनं पेटी गुडघ्यांत धरली, एका हातानं काडी ओढली. दुसऱ्या हातात कॅमेरा. काडी विझली. दुसरीही विझली. तिसरीचंही तेच झालं.

“आडोसा धर की, बाळा.”

“हात कुठाय, बाबा?”

फकिरानं नुसतं त्याच्या हाताकडे पाहिलं.

मग श्रीरंगनं कॅमेरा मातीत ठेवला, काडी ओढली आणि तळव्याचा आडोसा केला. वात पेटली. तळव्याला ऊब लागली. आईचा हातही शेवटपर्यंत असाच उबदार असणार. त्यानं तो धरलाच नव्हता.

“आई…” म्हणत तो तिथंच बसला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला.

खूप वेळानं त्यानं बाहीनं नाक पुसलं. मातीत कॅमेऱ्याचा लाल ठिपका लुकलुकत होता.

“बाबा, तो चालूच राहिला. नुसती माती आली असेल त्यात.”

“येऊ दे,” फकीर म्हणाला. “माणूस सापडला.”