सात वाड्यांची एक शपथ

फार जुन्या काळी, राजेसुद्धा पायी हिंडत त्या दिवसांत, एका डोंगराखाली सात वाड्या होत्या आणि सातांमध्ये मिळून एकच तळे होते. तळ्याचे पाणी पाटाने शेतात जाई, ज्याच्या त्याच्या पाळीने. पाणी घेण्याआधी प्रत्येकाने देवाची शपथ घ्यायची, "पाळीपेक्षा थेंबही जादा घेणार नाही."

अडचण इतकीच, की प्रत्येक वाडीचा देव वेगळा. खालच्या वाडीची शपथ वरच्या वाडीला पटत नसे. "तुमचा देव तुमचीच बाजू घेणार!" असे म्हणत लोक एकमेकांची डोकी फोडत.

शेवटी पाणी वाटणाऱ्या म्हाताऱ्या पाटकऱ्याने सगळ्यांना बांधावर बसवले. "देव एकच आहे," तो म्हणाला. "तो कुठल्याच वाडीचा नाही आणि त्याला सगळ्यांची शेतं दिसतात. यापुढे शपथ त्याचीच."

हे त्याला कुठून कळले, कुणी विचारले नाही. भांडणे थांबली, हे मात्र सर्वांनी पाहिले. वाड्यावाड्यांत सोयरिकी जुळल्या. जुने देव कुणी फोडले नाहीत, त्यांना नैवेद्य दाखवायचे लोक हळूहळू विसरले. पुढे नियमच झाला: त्या एकाची शपथ घेईल त्यालाच पाणी. यात बरेच भले झाले, हे मलाही कबूल आहे.

पाचसहा पिढ्या गेल्या. भिवरा नावाच्या बाईचा नवरा वारला आणि शपथेला तिला उभे राहावे लागले.

"मला तो देव कधी जाणवला नाही," ती म्हणाली. "मग त्याची शपथ कशी घेऊ? पण पाणी मी चोरणार नाही."

त्या वेळचा पाटकरी भला माणूस होता. "तू चोरणार नाहीस, हे सगळ्यांना ठाऊक आहे, पोरी. पण तुला असंच पाणी दिलं, तर उद्या चोरणाराही हेच म्हणेल."

त्याचे बोलणे अगदीच चुकीचे नव्हते. म्हणून भिवराच्या पाटाचे पाणी अडवणारी फळी खालीच राहिली.

भिवराची ज्वारी माना टाकू लागली. लेकीची ठरत आलेली सोयरीक मोडली. पाळी चोरण्यात तरबेज असलेला एक जण शपथ मात्र खणखणीत घेई, त्याचे शेत हिरवेगार होते. शेजारीण म्हणाली, "अगं, चार शब्द तर बोलायचेत. आमच्यातले कितीजण विचार करून बोलतात?"

घरातले धान्य संपले, त्या दिवशी भिवरा बांधावर आली. पाण्यात हात बुडवून तिने स्पष्ट आवाजात सांगितले, की मी त्या एका देवाला मानते.

बायकांनी तिला मिठी मारली. पाटकऱ्याने स्वतः तिच्या पाटाची फळी उचलली. भिवरा जन्मात पहिल्यांदा खोटे बोलली होती, आणि त्याच दिवशी सातही वाड्यांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला.

तात्पर्य: एका देवावरची श्रद्धा रुजते ती माणसांना एकमेकांचा भरवसा हवा असतो म्हणून, आणि टिकते पुष्कळदा बाहेर राहणाऱ्याला पाणी मिळत नाही म्हणून.