खेकडीची झाडलोट

फार मागे, समुद्रातल्या एका खडकावर दोन पोवळी राहत होती. थोरलं वरच्या कपारीत, धाकटं त्याच्या अगदी खाली. थोरल्याच्या फांद्यांत एक खेकडी राहायची. फांदीवर मातीचा कण पडला की ती लगेच झाडून काढायची.

पुढे किनाऱ्यावरच्या डोंगरावरची झाडं कुणीतरी तोडली आणि दर पावसाळ्यात तांबडा गाळ समुद्रात येऊ लागला. मासे म्हणाले, "आम्ही निघालो. तुम्हीही चला!"

"पाय कुठे आहेत रे आम्हाला?" थोरलं म्हणालं.

"मग बसा चिखल खात!" हसत हसत मासे निघून गेले.

खेकडी मात्र राहिली. ती दिवसभर झाडत असे. थोरलं स्वच्छ राहिलं, पण बोलायला तिच्याशिवाय कुणी उरलं नाही.

"धाकटं हल्ली ओ देत नाही गं. रुसलंय का?"

"रुसू दे. तू आधी नीट झाडू दे मला."

एकदा तिच्या नांगीतला मातीचा कण म्हणाला, "कुठे टाकतेस गं मला?"

"खाली. माझ्या घरातून गेलास म्हणजे झालं."

"डोंगरावरची झाडं तोडणाराही हेच म्हणाला होता."

खेकडीने पहिल्यांदाच खाली पाहिलं. तिथे मातीचा ढीग होता. त्यातून धाकट्याच्या एका फांदीचं पांढरं टोक तेवढं वर दिसत होतं.

"काय म्हणतंय गं धाकटं?" थोरल्याने विचारलं.

खेकडी खाली उतरून ढीग उकरू लागली. वर थोरल्यावर गाळ पडतच होता.