कुंदाची पेटी

डोंगराच्या कुशीत फुलमळ्यांचं एक एवढंसं गाव होतं. गावाच्या अगदी टोकाला, जिथे रस्तासुद्धा दमून पायवाट होतो, तिथे आठ वर्षांची कुंदा आईबरोबर एका खोलीत राहायची. आई पहाटे गजरे ओवायची, टोपली डोक्यावर घ्यायची आणि जी जायची ती दिवेलागणीलाच परत. फुलं कोमेजायच्या आत विकली तर चूल पेटणार, म्हणून बिचारी गल्लोगल्ली वणवण करायची. कुंदा आपली दिवसभर दारात. बोलायला भिंत, नाहीतर मुंग्यांची रांग.

ज्या घरी आई गजरे देई, तिथल्या बायका कधीमधी आपल्या मुलांच्या नकोशा झालेल्या वस्तू तिच्या हाती ठेवत. कुंदा प्रत्येक वस्तूवर आठ दिवस जीव लावायची. पांढऱ्या रुमालावर हिरवा पोपट भरायला घेतला, तो चोचीपाशी येऊन अडला. रंगांच्या डबीतला गुलाबी तेवढा संपला. माउथ ऑर्गनवर तर तिने अख्खं गाणं बसवलं आणि आईला ऐकवायला घेतलं, पण दमलेल्या आईचा दुसऱ्या ओळीलाच डोळा लागला. "बघू बघू" म्हणणारं कोणी नसलं की हौस तरी किती दिवस टिकणार? एकेक वस्तू कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीत गेली आणि पेटी गच्च भरली.

सणाचे दिवस आले, तशी आई म्हणाली, "कुंदे, या घरात एक तर तुझी पेटी राहील, नाहीतर माझ्या फुलांच्या पाट्या. हात तरी लावतेस का कशाला?"

त्या गावात एक रीत होती. देवाची तडकलेली तसबीर, जी घरात ठेवता येत नाही आणि फेकवतही नाही, ती पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवायची. कुंदाने तेच केलं. पेटी पारावर ठेवली, वर जाईचं एक फूल वाहिलं, हात जोडले आणि डोळे पुसत वळली.

"थांब गं सोनुले," पाठीमागून घुंगरासारखा आवाज आला.

पिंपळाच्या कोवळ्या तांबूस पानावर एक इवलीशी परी बसली होती. झगा मोरपिशी, पंख दवात भिजल्यासारखे चमचमते, आणि केसांत चिमुकल्या चांदण्या. चेहरा मात्र जरा वैतागलेला.

"तसबिरी झाल्या, वाळके हार झाले, आता पेटीसुद्धा? मी पंख कुठे पसरायचे, सांग बरं. आणि बाळे, ठेवलं म्हणजे दिलं होत नाही."

मग परीने तिला नियम सांगितले. जी वस्तू ज्याच्या उपयोगाची, ती त्याच्या हातात द्यायची. बदल्यात काही मागायचं नाही. सूर्य डोंगराआड जायच्या आत पेटी रिकामी झाली, तर एक इच्छा पुरी होईल. एक जरी वस्तू मागे ठेवली, तर काही नाही.

कुंदाची इच्छा ठरलेलीच होती. तिला एक मैत्रीण हवी होती.

ती पेटी उचलून निघाली. भिकाजीआजोबा मातीचे बैल रंगवता रंगवता झुलींचा निळा संपला म्हणून हात बांधून बसले होते. तिने रंगांची डबी दिली, तर म्हाताऱ्याचे डोळे लुकलुकले. पोपटाचा रुमाल भरतकाम करणाऱ्या सगुणामावशीला दिला. मावशीने आधी तो कोणाच्या घरचा, आई काय म्हणाली, पेटीत आणखी काय आहे, सगळं विचारून घेतलं आणि मगच सुईत लाल दोरा ओवला.

अशा एकेक करत बाकीच्या वस्तूही ज्याच्या त्याच्या हाती गेल्या आणि संध्याकाळी कुंदा पारावर परतली. पेटी रिकामी होती, पण मान खाली होती.

"कमरेला काय खोचलंयस गं?" परीने हळूच विचारलं.

कुंदाने माउथ ऑर्गन काढला. "हा माझं गाणं ऐकतो," ती म्हणाली. "दुसरं कोणी ऐकत नाही."

परी रागावली नाही. "ठेव हवं तर. तुझाच आहे. फक्त इच्छा मिळणार नाही."

कुंदाने मान वर केली. समोरच्या टेकडीवर तिच्याच वयाची येसू शेळ्या वळत होती. कुंदा तिला रोज दारातून पाहायची. शेळ्यांखेरीज येसूशीही कोणी बोलत नसे. सूर्य सोनेरी टिकलीएवढा उरला होता. कुंदा धावत सुटली आणि धापा टाकत तिने माउथ ऑर्गन येसूच्या हातावर ठेवला.

येसूने फुंकर मारली. भलताच सूर निघाला, शेळ्यांनी माना वर केल्या, आणि दोघींना हसू फुटलं.

"मला कुठं येतंय वाजवायला," येसू म्हणाली. "उद्या येऊन शिकवशील का? एकटीनं वाजवून काय करू?"

कुंदाने मान डोलावली आणि तशीच उलट पावली पाराकडे पळाली. टिकली बुडायला एवढासा अवकाश होता.

"माग पटकन," परी म्हणाली.

कुंदाने तोंड उघडलं, पण मैत्रीण मागायचं कारणच उरलं नव्हतं. ती म्हणाली, "परीताई, माझ्या आईची फुलं लवकर कोमेजू देऊ नकोस. दुसऱ्या दिवशीही विकता आली, तर ती दुपारीच घरी येईल."

परीने तिच्या गालाला पंख लावला. पिंपळाचं पान न पान सोन्यासारखं उजळलं, त्या लख्ख प्रकाशात परी विरघळून गेली, आणि पारावर ओल्या जाईचा वास तेवढा दरवळत राहिला.

दुसऱ्या दिवशी आई भर दुपारी घरी आली. टोपलीत उरलेल्या कळ्या पहाटेइतक्याच टवटवीत होत्या. तिने हाक मारली, पण घरात कोणीच नव्हतं. टेकडीवरून एक वेडंवाकडं गाणं येत होतं, सारखं अडखळत, पुन्हा पहिल्यापासून. आई उंबऱ्यावर बसली, टोपली बाजूला ठेवली, आणि लेकीची वाट पाहत पाहत तिने ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं.