पुरचुंडीतलं सोनं

"...म्हणून म्हणतो बुवा, सगळंच सोन्याचांदीत घालून टाकतो. बरोबर ना?"

प्रल्हादराव कारखानीस नुकतेच पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर दुसऱ्यांना सल्ले दिलेला माणूस. तो विचारायला येतो, तेव्हा त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. त्याला फक्त मान डोलावणारं कुणीतरी हवं असतं.

रंगबुवांनी मान डोलावली नाही. चाळीस वर्षं सोनारकी केलेला हा म्हातारा आता टेकडीवरच्या मठीत एकटा राहायचा. सकाळी भिजत घातलेली मटकी तो चाळणीत निथळत होता.

"सगळंच?"

"सगळंच. फंड, ग्रॅच्युइटी, झाडून सगळं. उद्या दुपारी सराफाकडे जायचं ठरलंय. बँक बुडेल, बाजार पडेल. सोनं कुठे जातंय?"

"आणि घरी सुमती काय म्हणते?"

प्रल्हादराव जरा थांबले. "ती घाबरलीय. आम्हाला मूलबाळ नाही, पेन्शन बेताची. म्हणते, चुकलात तर म्हातारपणी कुणाच्या दारात उभं राहायचं?"

बुवांनी चाळणी खाली ठेवली.

प्रल्हादरावांनी खिशातून डबी काढली. दहा ग्रॅमचं नाणं. पहिली खरेदी, मुद्दाम दाखवायला आणलेली.

बुवांनी ते उन्हाकडे धरून पाहिलं. मग ओल्या फडक्यात मटकी ओतली, त्यावर नाणं ठेवलं आणि गच्च गाठ मारली.

"अहो बुवा!"

"आज इथेच राहा. सकाळी बघू."

सकाळी पुरचुंडी दीडपट फुगली होती. बुवांनी गाठ सोडली आणि प्रल्हादराव पुढे झुकले.

प्रत्येक दाण्यातून पांढराशुभ्र मोड बाहेर आला होता. दहाबारा कोवळ्या मोडांनी ते जड नाणं अलगद उचलून धरलं होतं. खाली माती नाही, वर ऊन नाही... नुसत्या पाण्यावर एका रात्रीत एवढं! त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"सोनं किती वाढलं?" बुवांनी विचारलं.

"जेवढं होतं... तेवढंच." प्रल्हादराव म्हणाले. "कळलं बुवा. सोनं नकोच. सगळं वाढेल तिथेच घालतो."

"सगळंच?"

बुवा उठले. फडताळातून त्यांनी दुसरी पुरचुंडी काढली. चार दिवसांपूर्वीची. विसरले होते की मुद्दाम ठेवली होती, देव जाणे.

गाठ सुटताच प्रल्हादरावांनी नाकाला रुमाल लावला. मटकी आंबून बुळबुळीत झाली होती, वर बुरशी धरली होती.

बुवांनी नाणं उचललं आणि त्या लगद्यात खोल दाबलं.

"अहो, अहो!"

बुवांनी शांतपणे ते बाहेर काढलं, तांब्यातल्या पाण्याखाली धरलं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि प्रल्हादरावांच्या तळहातावर ठेवलं.

डाग नाही. वास नाही. सराफाच्या डबीतून आत्ताच काढल्यासारखं लखलखीत.

प्रल्हादरावांनी ते उलटसुलट करून पाहिलं. साठ वर्षं ही दोन्ही आश्चर्यं आपल्या घरात होती, एक देवघरात आणि एक स्वयंपाकघरात, आणि आपल्याला ती कधी दिसलीच नाहीत, या विचाराने त्यांच्या अंगावर काटा आला.

बुवांनी चुलीवर उसळ टाकली होती.

"बुवा..." आता त्यांच्या आवाजात सल्ला देणारा साहेब उरला नव्हता. "बरंचसं वाढतं ठेवतो. थोडं सोनं बाजूला. सुमतीला आजच सांगतो."

बुवा उसळ ढवळत राहिले.

"पण एक सांगा. हे बाजूला ठेवलेलं सोनं मोडायचं कधी?"

बुवांनी वर न बघताच उत्तर दिलं,

"मटकीला मोड येणार नाहीत, त्या दिवशी."